लाल भिंत

शेजारच्या दाराला ऑइल पेंट लावताहेत. त्या वासाने शिरवणे गावातली आमची भाड्याची बाहेरची खोली आठवली. ऐंशीच्या दशकात बाबा तुर्भ्याच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. फलक रंगवून उरलेल्या लाल रंगाने आम्ही दोघांनी तिथली अख्खी भिंत रंगवली, घरमालकांना न विचारता.

गणपतीच्या आधी घरमालक तात्या चुन्याची बादली घेऊन आले. ऑइल पेंटवर चुना बसेना, नुसता ओघळत राहिला.

"इचारायचा तरी व्हता, भाऊ."

बाबांनी घोषणाच दिली, "तात्या, कसेल त्याची जमीन, राहील त्याचं घर!" मी टाळ्या वाजवल्या.

"मीच कसत व्हतो ना? तरी माजी जमीन सरकारनं घेतली, नव्या शहरात गेली. आता ह्या चारच भिंती माज्या हायेत."

"ही मालकाची भाषा!" बाबा हसले. मीही हसलो.

तात्या गुडघ्यांवर बसून फरशीवरचा चुना पुसत राहिले.

मालक म्हणजे शोषक, एवढंच मी पत्रकांत वाचलं होतं. आज जमीन गेलेल्यांसाठी मीच तावातावाने पत्रकं लिहितो. माझं ते हसणं मात्र त्यांत कधीच लिहिलेलं नाही.