वैजीनाथनं गावाला कॉलेज दाखवलं

वैजीनाथचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं, पण कॉलेजबद्दल त्याच्याइतकं छातीठोक बोलणारा माणूस ताडकळसच्या आसपास दुसरा नव्हता. आणि हे सगळं ज्ञान त्याला एका दुपारी मिळालेलं होतं.

झालं असं, एकोणऐंशी साली बैलाचं औषध आणायला म्हणून तो परभणीला गेला. दुकान दुपारचं बंद. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. सावलीला म्हणून टॉकीजमध्ये शिरला, तो थेट पुढच्या बाकड्यावर. पिक्चर हिंदी, कॉलेजातल्या वात्रट पोरांचा. नाव सांगण्यात काही हशील नाही. वैजीनाथ तेव्हा पंचविशीतला. हसून हसून त्याचं पोट दुखलं. संध्याकाळी औषध घेऊन घरी आला तर बैल आपला आपण बरा होऊन कडबा खात उभा. पण पिक्चरनं मात्र वैजीनाथला जे धरलं ते सोडलं नाही.

दसरा झाला की तो आणि त्याची बायको सारजाबाई ऊस तोडायला टोळीबरोबर जायचे. संध्याकाळी पाचटाच्या कोप्यांपुढं चुली पेटल्या, भाकरी थापायचा आवाज सुरू झाला की कुणीतरी म्हणायचंच, "वैजीनाथ, लाव पिक्चर." मग हा उठायचा. हिरो बाईचं सोंग घेऊन पोरींच्या होस्टेलात शिरतो, तिथं हा डोक्यावर टॉवेल घेऊन ठुमकत चालायचा. ढेरपोट्या प्रिन्सिपल आला की सदऱ्याखाली घोंगडी कोंबायचा. शेवटी कॉलेजचं गॅदरिंग. सगळ्यांसमोर हिरो एका लाजऱ्या पोरीची ओढणी ओढतो. इथं वैजीनाथ थांबायचा, बिडी पेटवायचा.

"मंग?" सगळी टोळी ओरडायची.

"मंग काय! दिली की तिनं कानाखाली! अशी दिली, अशी दिली, की हिरोच्या डोक्यावरचा केसांचा टोप उडाला आन् प्रिन्सिपलच्या मांडीवर जाऊन बसला!"

भाकरी तव्यावर करपायच्या, पण बाया हसायच्या थांबत नसत. गावात परतल्यावरही तेच. बारशाला, जावळाला, कुठंही चार माणसं जमली की वैजीनाथचा पिक्चर. कॉलेज म्हणजे काय, तर जिथं टोप उडतात ते.

त्याची एकुलती एक लेक कौसा. आईबाप ऊसतोडीला, म्हणून ती आजोळी ताडकळसला राहून शिकली आणि नव्वद साली बारावी पास झाली. वैजीनाथनं गावभर पेढे वाटले. कौसाचं म्हणणं, परभणीच्या कॉलेजात जायचं, होस्टेलात राहायचं. तिकडं विद्यापीठाच्या नावाचा वाद मिटला नव्हता, पण कॉलेजं आपली सुरू होती. वैजीनाथची ना नव्हतीच. अडलं होतं सारजाबाईपाशी.

"म्या आजवर कॉलेज पाह्यलं न्हाई," ती म्हणाली. "आधी माझ्या डोळ्याला दिसू द्या. मंग पोरीला धाडायचं का न्हाई ते बघू."

"आगं, त्यात काय! दाखवतो की!" वैजीनाथ म्हणाला. आणि इथंच गडी फसला.

ताडकळसला चंद्रभान नावाचा माणूस टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं द्यायचा. वैजीनाथनं त्याला गाठलं आणि तोच पिक्चर पाहिजे म्हणून हट्ट धरला. चंद्रभान चाचरला. "काका, घरच्या मंडळीला दाखवायचाय का? त्यो जरा..." "आरं, मला तोंडपाठ हाय!" वैजीनाथनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही.

रविवारी दुपारी बैलगाडीत वाकळांवर बसून टीव्ही गावात आला. सोसायटीच्या गोदामाच्या खिडक्यांना पोती टांगून अंधार केला. गाव झाडून लोटलं. पुढं बाया, मागं गडी. सगळ्यांत पुढं सारजाबाई, तिच्या शेजारी कौसा आणि पलीकडं नवरदेवासारखा ऐटीत वैजीनाथ.

पिक्चर सुरू झाला. पाच-दहा मिनिटं ठीक गेली. मग हिरो होस्टेलात शिरला आणि वैजीनाथला कसंतरीच व्हायला लागलं. बाईच्या सोंगातलं ठुमकणं आलं आणि गेलं. त्यानंतर हिरो न्हाणीच्या भोकाला डोळा लावून बसला, तो हलेचना. आत अंघोळ करणाऱ्या पोरी, बाहेर फिदीफिदी हसणारी पोरं. वैजीनाथला हे आठवतच नव्हतं. म्हणजे हिरो भोकाला डोळा लावून बसला होता हे आठवत होतं, आणि आपण हसलो होतो हेही. पण तेव्हा शेजारी कौसा बसलेली नव्हती.

मागं दोघंतिघं गडी खिदळले. झुंबरबाई शेजारीण तशीच वळली. "कोण हासायलंय रं? तुझ्या बहिणीला बसवू का तिथं?" मागचं खिदळणं थांबलं.

"आवो," सारजाबाई पुढं बघतच म्हणाली, "हे कॉलेज हाय?"

"थांब की," वैजीनाथ घाम पुसत म्हणाला. "पुढं हाय ना ती थप्पड."

आता सगळा भरवसा त्या थपडेवर. गॅदरिंग आलं तसा गोदामात एकदम उत्साह संचारला. बाया सरसावून बसल्या. पोरंटोरं आधीच ओरडायला लागली, "आता बसती बघा! आता टोप उडतो!" हिरोनं ओढणी ओढली.

पोरगी रडली. दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत रडत पळून गेली. सगळं कॉलेज हसलं, प्रिन्सिपलसुद्धा. आणि लगेच बागेतलं गाणं, त्यात तीच पोरगी त्याच हिरोच्या गळ्यात हात टाकून नाचत होती.

"थप्पड कुठंय?" झुंबरबाई म्हणाली.

"चंद्रभान, तू कापलास व्हय रं पिक्चर?" मागून कुणीतरी दटावलं.

"आईशप्पत न्हाई! एवढाच हाय त्यो!"

"मागं घे बरं," सारजाबाई म्हणाली.

चंद्रभाननं कॅसेट मागं घेतली. पुन्हा ओढणी, पुन्हा रडणं. "थांबव." पिक्चर थांबला. पडद्यावर हिरोचं दात काढलेलं तोंड थरथरत उभं राहिलं.

"दहा वर्सं तुमी मला काय सांगितलं?" सारजाबाईनं नवऱ्याकडं तोंड फिरवलं. "असल्या जागी धाडू व्हय पोरीला?"

कौसानं मान खाली घातली. वैजीनाथनं डोकं खाजवलं. आणि खाजवता खाजवता त्याला ती थप्पड कुठून आली ते आठवलं.

"सारजा, पिक्चरमंदी न्हवतीच ती. ती तुजी हाय."

"माजी?"

"पैल्या साली कोप्यावर म्या जसा पाह्यला तसा सांगितला. तू भाकरी थापायलीस. म्हणलीस, मंग त्या पोरीनं काय केलं? म्या म्हणलं, रडली. तू काठवट सरकवून उठलीस. म्हणलीस, रडली? तिला काय हात न्हवता? दुसऱ्या दिशी म्या थप्पड घातली, तवा कुठं टोळीतल्या बाया हासल्या. तवापासून म्या ती रोजच घालतो. इतकी घातली की मलाच खरी वाटायली."

सारजाबाई आठवू लागली. आठवलंही असावं, कारण तिनं पदर उगाच सारखा केला.

तेवढ्यात कौसा उठली. टीव्हीपुढं गेली, हात मागं नेला आणि हिरोच्या त्या दात काढलेल्या तोंडावर फाडकन ठेवून दिली.

चट्ट! काचेवरची वीज अशी कडकडली की पुढच्या ओळीतली पोरं मागं सरली.

"आगं काच हाय! काच हाय!" चंद्रभान दोन्ही हात पसरून टीव्हीच्या आडवा झाला.

मग जे हसू फुटलं ते काय सांगावं! झुंबरबाई डोळे पुसत म्हणाली, "टोप उडाला गं बाई, टोप उडाला!" म्हातारे ठसकले. मघाचे खिदळणारे गडीही हसले, जरा जपून.

सारजाबाई तेवढी हसली नाही. तिनं लेकीचा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"लागलं का?"

"न्हाई माय. मुंग्या आल्या नुसत्या."

"पंजा ढिला सोडतीस तू. बोटं जुळवून मारावं." तिनं स्वतः बोटं जुळवून दाखवली. "परभणीला गेल्यावर ध्यानात ठेव."

वैजीनाथनं आनंदानं मांडीवर थाप मारली. चंद्रभान हळूच म्हणाला, "काका, पुढचा पिक्चर लावू का?"

"तू तुजा टीव्ही सांभाळ," झुंबरबाई म्हणाली. "पुढचा वैजीनाथ सांगंल."

खिडक्यांवरची पोती काढली. लख्ख उजेडात वैजीनाथ उभा राहिला, सदऱ्याखाली वाकळ कोंबून ढेरी केली आणि गॅदरिंगपासून पुन्हा सुरुवात केली.