मोकळी दिसणारी जागा

गजभिये सर गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी हिंजवडीला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये होते. शेजारच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा कळलं की आपण रडतोय...

सर मूळचे नागपूरकडचे. सरकारच्या वायरलेस खात्यात रेडिओलहरींवर पहारा ठेवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर हडपसरला राहून ते आमच्या कंपनीला सल्ला देत. कंपनीने बनवलेला आमचा रेडिओ मोठा हुशार. टीव्हीच्या लहरींत रिकामी जागा दिसली की बसायचं, त्या जागेचा हक्कदार आला की उठायचं. त्यातून खेड्यापाड्यांत इंटरनेट पोचणार होतं. अडलं होतं ते फक्त सरकारी परवानगीपाशी, आणि माझी सगळी उमेद त्या परवानगीत अडकलेली.

हिंजवडीच्या ऑफिसच्या गच्चीवरून मोजमाप करून आम्ही लहरींचा एक पट्टा रिकामा ठरवला. सर वैतागले की त्यांच्या बोलण्यातून नागपूर बाहेर यायचं. "काऊन घाई करता? आधी पेठेत जाऊन ऐका." आम्ही कसले ऐकतोय! नारायण पेठेत एका सभागृहाजवळ रेडिओ सुरू केला आणि त्याच पट्ट्यावर चालणारा आतल्या व्याख्यात्यांचा कॉर्डलेस माइक गुळण्या करायला लागला. व्यवस्थापक शांतपणे बाहेर आले. "आपल्या प्रयोगासाठी आम्ही मौन पाळावं, अशी अपेक्षा आहे का?" आम्ही घाईघाईने रेडिओ बंद केला. सर आत गेले, वक्त्यांची माफी मागितली आणि अख्खं व्याख्यान ऐकूनच बाहेर आले.

पुढे अशा रेडिओंसाठीच्या सरकारी नियमांच्या मसुद्यावर सुनावणी झाली. मसुद्यात संरक्षण फक्त परवानाधारकांना होतं, आणि आम्हाला तेच सोयीचं होतं. सर आमच्यातर्फे उभे राहिले आणि म्हणाले, "माइकवाल्यांकडे कागद नसेल, पण ते आधीपासून बोलताहेत. यांचा रेडिओ त्यांच्यासाठीही उठला पाहिजे." बाहेर आल्यावर आमच्या डायरेक्टरांनी विचारलं, "सर, आपण नक्की कोणाचे सल्लागार?"

"मानधन तुमचं, कान माझे," सर म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

परवानगी लांबली. मी चिडले, भांडलेसुद्धा. तरी सांगते, असा ताठ कण्याचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अखेर चाचणीपुरती परवानगी मिळाली, ती त्यांचीच अट घालून.

गेल्या रविवारी हडपसरच्या बुद्धविहारात सरांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा विधी झाला. चाचणीचा आमचा एक रेडिओ सेट जवळच्याच इमारतीवर चालू असतो, तो काय करतोय ते मला फोनवर दिसतं. भन्तेजींनी कॉर्डलेस माइक सुरू केला. मी धास्तावून फोन पाहिला... सेट तो पट्टा सोडून केव्हाच दुसरीकडे गेला होता. त्रिशरणाची प्रार्थना सुरू झाली. सरांच्या पत्नीला, काकूंना दाखवावं म्हणून फोन पुढे केला, पण त्या डोळे मिटून भन्तेजींच्या मागोमाग म्हणत होत्या. एक शब्दही तुटत नव्हता.