आबा पेसमेकर बघायला जातात

घरात एखाद्याचा दवाखाना मागं लागला की औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. आमच्या कळस गावच्या घरी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हृदयानं जरा दमानं चालायचं ठरवलं आणि वर्षभर पुरेल एवढा माल गोळा झाला! आता चहा होईस्तोवर बसलोच आहोत, तर सांगते.

*

सुरुवात पेरूच्या बागेत झाली. क्रेट भरता भरता आबा बसले, ते आडवेच झाले. शेजारचे तात्या, म्हणजे आबांचे लहानपणापासूनचे दोस्त, पाणी घेऊन धावले. डोळे उघडल्याबरोबर आबांनी त्यांनाच झापलं, की जरा डोळा लागला होता, उगाच भिजवलंस. बारामतीच्या डॉक्टरांनाही त्यांनी हेच सांगितलं.

आई शांतपणे म्हणाली, "व्हय डॉक्टर. ह्यास्नी गादीवर झोप येत न्हाय. ढेकळात बरी लागली."

*

डॉक्टरांनी आबांच्या छातीला एक छोटं मशीन लावून दिलं. दिवसभर ठोक्यांची नोंद होईल, रोजची कामं करत राहा म्हणाले. आबांना ती परीक्षाच वाटली. इस्त्रीचा शर्ट घालून ते ओसरीवर खुर्चीत बसून राहिले. कुणावर ओरडले नाहीत, टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा लावू दिल्या नाहीत. रिपोर्ट एकदम झकास आला!

दुसऱ्यांदा मशीन लावलं, तेव्हा आईनं त्यांना तात्यांबरोबर पेरू घेऊन इंदापूरच्या बाजारात धाडलं. मग खरं काय ते बाहेर पडलं. ठोके मध्येच थांबत होते. पेसमेकर बसवायलाच हवा, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. उशीर केला तर एखाद्या वेळी थांबलेला ठोका परत सुरू व्हायचा नाही. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं आणि मग आबांसाठी शहाळं आणायला गेले.

*

आबा काही ऐकेनात. तेव्हा तात्यांनी समजवायचं मनावर घेतलं. म्हणाले, पेसमेकर म्हणजे आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो. लाईट जाऊन आली की मोटार आपोआप चालू.

आबांना हे लगेच पटलं आणि तिथंच घोटाळा झाला. लाईट आल्याबरोबर सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळतो, म्हणून गावातले ऑटो काढायला लावणारा माणूस आबाच!

"तात्या, लोकांचं काढाय लावलं मी, आन आता माझ्यात बसवू व्हय?"

तात्या आठवडाभर आमच्याकडे फिरकले नाहीत.

*

आले ते मात्र मोहीम घेऊनच आले. आबांनी आयुष्यात पिकाची कुठलीही नवी जात दुसऱ्याच्या रानातला प्लॉट बघितल्याशिवाय लावलेली नाही, हे तात्यांना माहीत होतं. त्यांनी डाळजच्या एक काकू शोधून काढल्या. पेसमेकर बसवून बरीच वर्षं झालेल्या. प्लॉट बघायचा म्हटल्यावर आबा तात्यांबरोबर माझ्या गाडीत बसले.

काकू भेंडी तोडत होत्या. वयानं आबांपेक्षा मोठ्या. आबांनी नेहमीची चौकशी सुरू केली. बसवून किती वर्षं झाली, पावसाळ्यात काही त्रास होतो का, देखभाल किती लागते. काकूंना बोलत बसायला वेळ नव्हता, वर रस्त्यावर टेम्पो यायचा होता. त्यांनी भरलेलं एक क्रेट आबांच्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "चला आबा, जाता जाता बोलू."

अर्ध्या चढावर आबा थांबले. क्रेट खाली ठेवून बांधावर बसले. तोंड पांढरंफटक पडलेलं. मी धावत गेले. काकू वर पोचल्या, आपलं क्रेट टेम्पोत टाकलं, परत खाली आल्या. आबांना पाणी पाजलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आल्याचं नीट बघितलं आणि मग त्यांचंही क्रेट उचलून डोक्यावर घेऊन चढून गेल्या. आबा त्या चढाकडं बघत राहिले.

आम्ही परत निघालो. कळसच्या फाट्यावर मी वळायला वेग कमी केला, तेव्हा मागून आबा म्हणाले, "वळू नगं. सरळ बारामतीला घे."

थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "तात्या, त्या भेंडीचं बी कंचं व्हतं ते इचारायचंच ऱ्हायलं की."