मांधाता की धरमपुरीचे बेट?

नर्मदेत मुक्कामाला जाण्यासारखी दोन बेटे आमच्या बाजूच्या लोकांना ठाऊक आहेत. एक मांधाता, म्हणजे ओंकारेश्वराचे. दुसरे धरमपुरीचे, ज्याला तिकडचे लोक बेंट म्हणतात. देवासहून दोन्हीकडे जाता येते, पण एका रजेत दोन्ही होत नाहीत. आम्ही कोणते निवडले आणि कसे गेलो ते लिहितो. कुणाला जायचे असेल तर उपयोग होईल.

बेटावर एक रात्र राहायचे हे मूळ माझ्या पत्नीचे, कुसुमचे वेड. शाळेतला भूगोल तिच्या पक्का लक्षात होता. "कर्कवृत्त उज्जैनच्या जरा वरून जातं," ती म्हणायची, "म्हणजे आपण उष्ण कटिबंधातले. मग नर्मदेतली बेटंही उष्ण कटिबंधातलीच की! मासिकात लिहिणारे सिलोनला जाऊ देत, आपण मोटारीनं जाऊ." तिथे नारळाची झाडे नसतात असे मी म्हटले तर म्हणायची, "देवळाबाहेर नारळ मिळतो ना? झालं तर मग."

ती धारची, मी देवासचा. माझ्या घरचे लोक मांधात्याला जात, तिच्या घरचे धरमपुरीला. लहानपणी तिने बेंट काठावरून पाहिले होते. पाणी चढलेले होते, नाव सुटली नाही आणि तिला तसेच परत आणले. त्यामुळे ती धरमपुरी म्हणे आणि मी मांधाता म्हणे. दर उन्हाळ्यात हा वाद नव्याने निघे आणि तो मिटायच्या आत पावसाळा येई. मी वाढलो ते गावच दोन राजांचे. रस्त्याच्या या बाजूला थोरल्या पातीचा अंमल, त्या बाजूला धाकट्या पातीचा. दोहोंपैकी एक काहीतरी ठरवावे अशी आम्हाला सवयच नव्हती. पुढे संस्थाने विलीन झाली, आमची कचेरी मध्यभारताची झाली, बेट मात्र राहून गेले. मागच्या मार्गशीर्षात कुसुम तापाने गेली. आम्हाला मूलबाळ नव्हते.

यंदा वर्षश्राद्धाला सासूबाई धारहून आल्या. त्यांच्याविषयी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. लग्नाला अकरा वर्षे झाली होती, तरी आम्ही दोघे एकमेकांशी कधी थेट बोललो नव्हतो. भांडण काही नव्हते. त्या जुन्या वळणाच्या आणि मी मुळात कमी बोलणारा. मी समोर बसलेला असताना त्या म्हणत, "कुसुम, यांना विचार, प्रकृती बरी ना?" मी म्हणे, "बरी आहे म्हणून सांग." दुसरी गोष्ट अशी की, मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही ही रीत त्या पाळत. आमच्या घरात पाण्याखेरीज त्यांनी कधी काही घेतले नाही. देवासला आल्या की शेजारच्या गोदूताईंकडे जेवत. यात कुसुमची एक चोरी होती. सकाळी सगळा स्वयंपाक ती करी, मागच्या बुटक्या भिंतीवरून वाट्या गोदूताईंच्या हातात देई आणि गोदूताई तेच आपले म्हणून आईला वाढीत. कधी कधी वाट्या मीही दिल्या आहेत.

वर्षश्राद्धाच्या दिवशीही त्या गोदूताईंकडेच जेवल्या. संध्याकाळी माझे चुलते निघताना म्हणाले, "वर्ष झालं. आता धारचा संबंध सुटला म्हणायचा. तू आता पुढचं बघ." त्यांनी ते वाईट बुद्धीने म्हटले नाही. पण मला ते लागले. कुसुमला परकर-पोलक्यात वाढवलेले माणूस आता एकच उरले होते. ते दोन दिवसांनी मोटारीत बसून जाणार होते आणि त्यांना पुन्हा यायला काही कारण राहिले नव्हते.

म्हणून मी गोदूताईंना म्हटले, "त्यांना विचारा, बेटावर येतील का. कुसुमचं राहिलं होतं. धरमपुरीला जाऊ."

सासूबाई तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. "गोदूताई, यांना सांगा, जायचं तर मांधात्याला. यांच्याकडचं ते ठिकाण."

"त्यांना सांगा, कुसुमला धरमपुरी हवी होती."

"यांना सांगा, धरमपुरीला उघड्या ओवरीत निजावं लागेल. मांधात्याला धर्मशाळा आहेत. यांना परत कचेरीत जायचंय, पडसं होऊन कसं चालेल?"

"अहो, मी काय पोस्ट आहे?" गोदूताईंनी हातातले सूप खाली ठेवले. "ती होती तेव्हा नवरा-बायको आपापलं बेट मागत होती. आता तुम्ही दोघं दुसऱ्याचं मागताय. अशानं घरातच बसाल. मला एवढंच सांगा, कुसुमचं अर्धवट राहिलेलं कोणतं?"

सासूबाईंनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. "बेंट," त्या म्हणाल्या.

"मग तेच!"

ज्यांना मांधात्याला जायचे आहे त्यांच्यासाठी इथेच लिहून टाकतो. इंदूरहून लहान गाडी घाटातून उतरते, ती ओंकारेश्वर रोड स्टेशनावर सोडते. तिथून पुढे बैलगाडी किंवा मोटार मिळते. धर्मशाळा, पेढे, भांडी, पुजारी सगळे मिळते. सोमवार टाळावा, गर्दी फार. धरमपुरीला यातले जवळजवळ काही मिळत नाही. शिधा, तवा, पातेले, पांघरुणे घरूनच न्यावीत.

पहिल्या दिवशी सकाळच्या मोटारीने देवासहून इंदूर आणि दुपारच्या मोटारीने इंदूरहून धार. धारच्या रस्त्याला धूळ बेताची होती, कारण थंडी होती. मुक्काम सासूबाईंच्या घरी, त्यांच्या दिराच्या कुटुंबात. मला पाटावर बसवून आग्रहाने वाढले. सासूबाईंनी दोन पडशा भरल्या. एकीत माझा शिधा, दुसरीत त्यांचा. पीठ वेगळे, डाळ वेगळी, मिठाची पुरचुंडीसुद्धा वेगळी.

दुसऱ्या दिवशी धारहून गुजरीची मोटार धरली. बसायला पुढची जागा मागावी. मागे बसले की घाटात डोके टपाला लागते. कंडक्टर चांगला होता. "माताजी को आगे बिठाओ भिया, पीछे बहुत उछलेंगी," म्हणाला. मग मला पाहून त्यांना विचारले, "बेटा है आपका?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. वर्षश्राद्ध झालेल्या मुलीचा नवरा कोण लागतो, याचे उत्तर मला देता आले नसते.

"जमाई हैं हमारे," सासूबाई म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या.

घाट उतरला की हवा एकदम बदलते. माळव्यातली शाल निमाडात खांद्यावर नकोशी होते. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता. गुजरीला मोटार बराच वेळ थांबते. शेव ताजी मिळते, चहा फार गोड असतो. सासूबाई बाहेरचे घेत नाहीत, त्यांनी तांब्यातले पाणी घेतले. तिथून धामणोदवरून धरमपुरीला पोचायला दुपार टळली.

घाटाच्या पायऱ्या उतरल्यावर समोरच बेट दिसते. लांबट, गर्द झाडीचे, मधून देवळाचे शिखर. आणि दोन्ही अंगांनी संथ हिरवे पाणी. नावाडी काठावरच बिडी ओढत बसला होता. माणशी दोन आणे सांगितले. सासूबाई नावेकडे संशयाने पाहत होत्या.

"बैठो माँजी," तो म्हणाला. "हिलेगी, पर डूबेगी नी."

नाव मध्यावर आली तेव्हा सासूबाईंनी हात पाण्यात बुडवला. "याच घाटावर रडली होती ती," त्या नावाड्याला मराठीत म्हणाल्या. "सहा वर्षांची होती. नाव सोडा म्हणून पायरीवर लोळण घेतली. शेवटी मी एक धपाटा घातला."

"हाँ माँजी," नावाडी म्हणाला. त्याला त्यातले काय कळले कुणास ठाऊक. ते मला ऐकू यावे म्हणूनच सांगितले होते.

बेटावर महादेवाचे देऊळ, पुढे ओवरी, बेलाची झाडे आणि पुष्कळ माकडे. शिध्याकडे लक्ष ठेवावे. एक म्हातारे पुजारी दिवसभर असतात. त्यांनी ओवरी झाडून दिली, सरपण कुठे मिळेल ते दाखवले. दर्शन घेऊन आम्ही स्वयंपाकाला लागलो. मी ओवरीच्या एका टोकाला तीन दगड मांडले, सासूबाईंनी दुसऱ्या टोकाला.

पुजारी हे पाहत उभे राहिले. "दो जने और दो चूल्हे?" त्यांनी विचारले. "कहाँ के हो?"

"मैं देवास का," मी म्हटले.

"तो ठीक है. वहाँ तो राजा भी दो थे."

सासूबाईंना हसू आले. त्यांनी ते पदराआड केले, पण मला दिसले. वर्षभरात त्यांना हसताना मी पाहिले नव्हते.

त्यांच्या बाजूने वारा येत होता. जाळ धरेना. त्या फुंकर घालत राहिल्या, डोळ्यांतून पाणी येऊ लागले. उठून जावे असे मला वाटत होते, पण त्यांच्या चुलीला हात लावायचा अधिकार मला नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

"महाराज," त्यांनी पुजाऱ्यांना विचारले, "ये टापू किसका है?"

"नर्मदा माई का है, और किसका? न इस पार का, न उस पार का. घर किसी का नहीं यहाँ. मैं खुद रात को उस पार सोता हूँ." ते पंचा खांद्यावर टाकून नावेकडे गेले.

सासूबाई नाव पलीकडे लागेपर्यंत पाहत राहिल्या. मग त्यांनी आपल्या धुमसणाऱ्या काटक्यांवर पाणी शिंपडले, ताटली उचलली आणि माझ्या चुलीपुढे येऊन बसल्या.

"पिठलं जरा पातळ करा," त्या म्हणाल्या. "घट्ट कुसुमला आवडायचं. मला नाही."

मी इकडेतिकडे पाहिले. त्या माझ्याशीच बोलत होत्या. मी पिठल्यात पाणी घातले.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि खाल्ला. दुसरा घेतला. मग विचारले, "कुठं शिकलात हे?"

"घरीच. गोदूताई भिंतीपलीकडून सांगतात, मी करतो."

"गोदूताईंच्या आमटीत गूळ नसतो," सासूबाई म्हणाल्या.

मला काही उलगडा होईना.

"त्यांच्या घरात कुणाला गोड आमटी चालत नाही. घरच्यांच्या वाटीत वेगळी, माझ्या वाटीत वेगळी. माझ्या वाटीत गूळ असायचा आणि भाजलेलं खोबरं. इतकी वर्षं. लेकीच्या हातचं आईला कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर रीत मोडली असती. मग एक तर जेवण सोडायचं, नाहीतर उघड तुमच्याकडे पान मांडून बसायचं. पान मांडून बसले असते तर तिला वाटलं असतं, आईनंसुद्धा आशा सोडली." त्यांनी ताटलीतला शेवटचा घास गोळा केला. "मी सोडली नव्हती. ती गेली त्या दिवसापर्यंत सोडली नव्हती. आणि परवा तिच्याच घरात बसून सोडायची, ते जमलं नाही मला."

मी आणखी पिठले वाढले. त्यांनी नको म्हटले नाही.

ओवरीत थंडी बेताची लागली. दोन घोंगड्या पुरतात. सकाळी काठावर स्नान करून बेटाच्या खालच्या टोकापर्यंत चालत गेलो. दोन्हीकडचे पाणी तिथे पुन्हा एक होते. देवळासाठी आणलेला नारळ होता. कुसुमचे बोलणे आठवून मी तो तिथेच एका दगडावर फोडला. सासूबाईंना नारळाची हकिगत सांगितली. बहुधा मी त्यांना सांगितलेली ही पहिलीच लांब गोष्ट. एक वाटी आम्ही पाण्यात सोडली आणि दुसरी खाल्ली. चांगली गोड निघाली.

परतीची मोटार त्याच रस्त्याने. धारला त्या उतरल्या, मी पुढे इंदूरला जाणार होतो. कंडक्टर "चलो भिया, चलो" करीत होता. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या.

"संक्रांतीला येईन म्हणते," त्या म्हणाल्या. "चालेल ना तुम्हाला?"

"या," मी म्हटले. मोटार सुटली म्हणून तेवढेच बोलता आले.

आता कोणते बेट चांगले? बरोबर मुले असतील, सोय हवी असेल, तर मांधात्याला जावे. तिथे पाहायला पुष्कळ आहे. धरमपुरीला एक देऊळ, झाडे आणि पाणी एवढेच आहे. स्वयंपाक आपला आपण करावा लागतो. आम्हाला तेच उपयोगी पडले. मांधात्याला धर्मशाळेत आयते जेवून आम्ही परत आलो असतो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या. सणाच्या सकाळी मी आमटी उतरवली, तोच मागच्या भिंतीवरून गोदूताईंचा हात आला. "द्या वाट्या," त्या म्हणाल्या, "पानं घेतलीत मी."

मी काही म्हणायच्या आत सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. "एक वाटी द्या त्यांना," त्या मला म्हणाल्या. "त्यांना चाखायला. माझं पान इथं घ्या."

मी एक वाटी भरून भिंतीवरून गोदूताईंच्या हातात दिली. सासूबाईंनी पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखली आणि फळीकडे पाहू लागल्या.

"गुळाचा डबा कुठं असतो तुमच्याकडे?" त्यांनी विचारले.

अकरा वर्षांत त्यांना हे माहीत व्हायला कारणच पडले नव्हते. मी डबा काढून त्यांच्या हातात दिला.