मिलवॉकीचा एक-शून्य सामना

बुधवारी माझी नोकरी गेली आणि शनिवारच्या बेसबॉल सामन्याची तिकिटं आधीच काढलेली होती. मी म्हटलं, कॅन्सल करू. मंदारदादा ऐकेना. "चल गं, घरात बसून रडणार आहेस का? मी ड्राइव्ह करतो." दादा माझा टीम लीड. पुण्याहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले तेव्हा पहिला महिना मी त्याच्याच घरी राहिले, वहिनीच्या हातचं जेवले. इथे सख्ख्यासारखा म्हणावा असा तो एकच माणूस.

नेपरव्हिलहून मिलवॉकी गाडीने साधारण दोन तास. शिकागोच्या बाजूचा ट्रॅफिक नको असेल तर सकाळीच निघा. विस्कॉन्सिन लागलं की हायवेलगत चीजची दुकानं दिसतात, तिथे ताजे चीज कर्ड्‌स जरूर घ्या. हे चीजचे कोवळे तुकडे चावताना चुंईचुंई वाजतात. "खोडरबर खातोय आपण," मी म्हटलं आणि बुधवारनंतर पहिल्यांदा हसले.

पार्किंग ऑनलाइन आधीच घ्या, स्वस्त पडतं. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. बाहेर लोक गाड्यांमागे ग्रिल लावून सॉसेज भाजत असतात. शाकाहारी असाल तर आमच्यासारखे पराठे बाहेरच संपवा, आत नाचोजशिवाय फारसं काही नाही. जॅकेट मात्र हवंच, मे महिन्यातही शहरालगतच्या मोठ्या तळ्यावरचा वारा बोचतो.

पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त सुरुवातीला येतो तोच कितीतरी वेळ टाकत राहतो. त्या दिवशी दोन्हीकडचे पिचर भन्नाट होते. बॅटवाले यायचे, हवेत बॅट फिरवायचे आणि मान खाली घालून परत जायचे. शेजारचे आजोबा खुशीत म्हणाले, "आज धावबिव विसरा. असा सामना रोज मिळत नाही." स्कोअरबोर्डवर नुसती शून्यं. मध्ये बोलायला भरपूर वेळ.

नऊपैकी सातव्या डावात दादा म्हणाला, "तुझ्यामुळे फेब्रुवारीपासून झोप नाही गं मला."

"फेब्रुवारी? मला तर बुधवारी कळलं."

मार्चमध्ये मला वेस्ट विंडसरच्या एका कंपनीची ऑफर आली होती. तेव्हा दादाच म्हणाला होता, जाऊ नकोस, तुझ्या ग्रीन कार्डचं मी बघतो. मी नाही कळवून टाकलं.

"तुला माहीत होतं? तरी थांबवलंस?"

"तू गेली असतीस तर प्रोजेक्ट बसला असता," तो मैदानाकडे बघत म्हणाला. "माझंही घर आहे, यार. दोन मुलं आहेत."

तेवढ्यात सगळं स्टेडियम विव्हळलं. पाहुण्या संघाच्या बॅटवाल्याने चेंडू थेट प्रेक्षकांत टोलवला होता. सामन्यातली एकुलती एक धाव, आणि आम्ही दोघांनीही ती पाहिली नाही.

पाहुण्यांच्या पिचरने शेवटपर्यंत एकही धाव दिली नाही. मिलवॉकीचा पिचर आठ डाव टाकून बाहेर गेला तेव्हा हरत असूनही लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आजोबांचे डोळे भरले होते. मी बसूनच होते.

गाडी त्याची, त्यामुळे परतही त्याच्याबरोबरच यावं लागलं. माझ्या दारात तो म्हणाला, "वहिनीला यातलं काही बोलू नकोस." मी दार लावून घेतलं.

व्हिसाच्या नियमाने मिळतात त्या दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही. हे मी कोथरूडमधून लिहितेय. मिलवॉकीला जा, आणि तिकीट बॅटवाल्याच्या मागच्या बाजूचं काढा. चेंडू कसा वळतो ते तिथून कळतं. मी पाहिलेला तो सगळ्यात सुंदर सामना, अजूनही कुणाला ना कुणाला रंगवून सांगते.

"कुणाबरोबर गेली होतीस?" लोक विचारतात.

"एकटीच," मी म्हणते.