मनोहरच्या खिशातला लाल प्लग

मनोहरच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी इतवाऱ्याच्या बाजारात सोल्डरची तार विकत घेत होतो. आमच्या यंत्रातली मनोहरने केलेली सगळी वायरिंग उखडायची आणि स्वतः नव्याने करायची, असं ठरवूनच घरातून निघालो होतो. "भाऊजी, लवकर या... हे उठत नाहीयेत," एवढंच त्या बोलल्या. सिंधीपुऱ्यात त्यांच्या घरी पोहोचलो तोवर डॉक्टर येऊन, सगळं संपलं असं सांगून गेले होते. तारेचं रीळ माझ्या हातातच होतं. महिना होत आला, पण अजून मला एका जागी बसवत नाही. शिकवता शिकवता खडू ठेवून दाराशी जातो, जेवताना मध्येच उठतो. बायको म्हणते, लिहून टाका, बरं वाटेल. बघू.

मनोहर माझा शाळासोबती. मी पुढे शाळेतच राहिलो, विज्ञान शिकवायला. तो यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी आम्ही इंदूरला गेलो आणि तिथल्या एका कॉलेजात रोबोटांची झुंज बघितली. बंद पिंजऱ्यात दोन यंत्रं एकमेकांवर तुटून पडत होती, ठिणग्या उडत होत्या. लग्नाचं जेवण राहिलंच. परतीच्या बसमध्ये मनोहरने पत्रिकेच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. पन्नाशी उलटलेल्या दोघांना हा नाद लागला म्हटल्यावर गल्लीने भरपूर थट्टा केली, आणि आमचं पहिलं यंत्र पहिल्याच मिनिटात गार पडलं तेव्हा तर विचारूच नका. पण नाद काही सुटला नाही. यंदाच्या यंत्राचं नाव आम्ही ठेवलं 'रेडा'. वजन पंधरा किलो आणि पुढे गरागरा फिरणारा दातेरी ड्रम. चाकं, ड्रम, सांगाडा माझ्याकडे. वायरिंग सगळी त्याची.

रेड्याच्या पाठीत एक लाल प्लग बसवायचा असतो. तो बसवला की बॅटरीचा करंट आत जातो, नाहीतर यंत्र मेलेलं. काम थांबलं की मनोहर तो प्लग काढून शर्टाच्या खिशात टाकायचा आणि वरून थोपटायचा. त्याला विचारल्याशिवाय रेडा चालू होत नसे. मी चिडायचो. "मास्तर, तुझी बोटं जातील, मंग फळ्यावर काय नाकानं लिहशील?" म्हणायचा. माझी घाई त्याला शाळेपासून ठाऊक होती.

स्पर्धेला दीड महिना असताना ड्रमची परीक्षा घ्यायचं ठरलं. जसोंडीला शेतात आमची केळी आहे. घड उतरवल्यावर तोडलेले खांब बांधावर पडले होते. मीच म्हटलं, यांच्यावर चालवू. रेडा त्या खांबात असा घुसला की पाणी, चीक, सालपटं आमच्या तोंडावर! मनोहर पोट धरून हसत होता, त्याचा पांढरा शर्ट पार भिजला होता. घरी निघताना म्हणाला, "नीट साफ कर बरं. केळीचा चीक लय खराब." मी हो हो म्हटलं आणि वरून फडका मारला.

पुढच्या आठवड्यात बिघाड सुरू झाला. मनोहरच्या घराला लागूनच असलेल्या दुकानात फरशीवर त्याने पांढऱ्या रंगाची एक लांब रेघ ओढली होती, यंत्र सरळ जातं का बघायला. रेडा दोन मिनिटं रेघेवरून नीट जाई आणि मग डावीकडे ओढू लागे. थंड झाला की पुन्हा ठीक. चार दिवस आम्ही त्याच्यापुढे उकिडवे बसलो. तो मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावून ऐकायचा. म्हणाला, "मोटर जोर लावू राहिली. चाकात काहीतरी आहे." चाकं मी बसवली होती. मी म्हटलं, चाकात काही नाही. आवाज चढले, आणि मग मी ते बोललो... "मनोहर, तुझा हात थरथरतो आता. सोल्डर कच्चं राहतंय. वायरिंग दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ." त्याचा हात खरंच थरथरायचा. पण हे आम्ही कधी बोललो नव्हतो. त्याने प्लग काढला, खिशात टाकला. या वेळी थोपटला नाही. "आधी चाक खोल. मंग ये," म्हणाला. मी रेडा उचलून घरी आलो. तिसऱ्या दिवशी तो फोन.

पंधरा-वीस दिवसांनी वहिनींनी बोलावलं. केळीच्या दिवशी भिजलेला आणि भांडणाच्या दिवशीही अंगात असलेला त्याचा तोच पांढरा शर्ट त्यांनी घडी घालून ठेवला होता. खिशात लाल प्लग. "खिसा रिकामा करायला मन झालं नाही," त्या म्हणाल्या, "अन् हा डाग तर कशानंच निघेना. केळीवरून आले तेव्हाच चार वेळा धुतला होता." केळीच्या चिकाचा काळपट डाग होता, पार खांद्यापर्यंत. चार वेळा धुऊनही जो निघत नाही, त्या चिकावर मी नुसता वरून फडका मारला होता. मग घरी धावलो आणि डावं चाक उतरवलं. मागे शाफ्टला केळीचं सूत गच्च गुंडाळलेलं, चिकाने वाळून लाकूड झालेलं. गरम झालं की आवळत असणार. वायरिंगचा एकही टाका कच्चा नव्हता. सगळे तपासले मी.

काल रेडा घेऊन त्याच्या दुकानात गेलो. वहिनींनी शटर उघडलं. त्यांनी शर्टाच्या खिशातला प्लग आणून दिला, तो मी बसवला. दोन मिनिटं झाली, चार झाली, रेडा रेघेवरून जातोय आणि येतोय, बोटभरही इकडे तिकडे नाही. एकदा तरी ओढ रे डावीकडे, असं मी मनातून विनवत होतो.

"सापडला का बिघाड?" वहिनींनी दारातून विचारलं.

"सापडला. माझाच होता."

त्या आत येऊन रेघेजवळ बसल्या. "म्हणत होते मले... मास्तर चाक खोलंल अन् आपणच येईल, चहाला दूध जास्तीचं आणून ठेव. दोन दिवस आणलं मी."

रविवारी स्पर्धा आहे. नावं दोघांची दिलेली आहेत, जाणार आहे. प्लग काढला आणि हात आपसूक माझ्या खिशाकडे गेला, तसाच थांबला. मग आत घरात जाऊन तो घडी घातलेल्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून थोपटला. रविवारी सकाळी येऊन मागून नेईन.