खलास, मॅडम

सकाळी पाच चाळीसला लॉरेन हॅडली चाकावर बसलेली होती आणि तिसरं ताटही बिघडलं होतं.

ओहायोत ती कुंभारकाम शिकली, नवऱ्याच्या नोकरीपायी आखातातल्या फुजैराला आली. नवरा गेला, ती राहिली. आता सदुसष्ट वर्षांची आहे. बंदरामागच्या गल्लीत एका गाळ्यात तिचं चाक आणि विजेची भट्टी आहे. उजव्या अंगठ्याचा सांधा पार झिजलाय. खोर फक्कानच्या एका नव्या हॉटेलाची तीस मोठी ताटं करायची आणि चाक कायमचं बंद करायचं, असं तिने ठरवलं होतं. ताटं घडवून झालीही होती.

गेल्या आठवड्यात अंगठ्यात इंजेक्शन घ्यायला ती अल ऐनला गेली. निघायच्या घाईत तिनेच ताटं भट्टीत रचली आणि भट्टी सुरू केली. समुद्राच्या दमट हवेत तळ पुरते वाळले नव्हते. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि ताटं फुटली. तिच्या हाताखाली काम करणाऱ्या वसईच्या अ‍ॅग्नेसने भट्टी उघडली आणि फोन लावला, "खलास, मॅडम. सगळं खलास."

इतकी वर्षं आखातात काढलेल्या लॉरेनला अरबीतलं खलास म्हणजे काम उरकलं, एवढंच ठाऊक. "छान! यल्ला, चल, जा घरी," ती म्हणाली, आणि उद्घाटनाआधी ताटं पोचतील असं हॉटेलवाल्याला कळवून बसली. परतल्यावर भट्टीत ठिकऱ्या दिसल्या, तेव्हा तिला खरं कळलं.

आज आठला अ‍ॅग्नेस आली ती बोलतच. "मला वाटलं, काय बाई आहे! तीस ताटं मेली आणि ही छान म्हणते."

"फुटली म्हणायचंस ना," लॉरेन म्हणाली.

"आमच्याकडे खलास म्हणजे मेलंच, मॅडम."

 लॉरेनने मातीचा आणखी एक गोळा चाकावर थापला. दाब दिला तसा अंगठा लुळा पडला, माती एका बाजूला कलली. तिने चाकाचं बटण बंद केलं.

"साचा करू या. मी त्यात माती दाबते," अ‍ॅग्नेस म्हणाली.

"साच्यातलं ताट माझं नव्हे."

"मग काय सांगू गिऱ्हाइकांना? ताट नाही, मॅडमचा अंगठा बघा आणि जेवा?"

साच्याला हात लावायचा नाही, हे लॉरेनने आजवर प्रत्येक शिकाऊला बजावलं होतं. तिने चाकावरची कललेली माती खरवडून काढली.

"तू दाब," ती शेवटी म्हणाली. "कडा मी करते. ताटामागे माझं नाव नको."

अ‍ॅग्नेसची वेळ आठची. उद्या ती सहालाच येणार आहे. साच्याचं प्लास्टर उन्हात लगेच घट्ट होतं, ते ऊन चढायच्या आत कालवायचं आहे.